उत्पादन विभागातील नव्या कामगाराची पाळी: चार्ज घेण्यापासून चार्ज देण्यापर्यंतचा क्रम

कारखान्यात नव्याने लागलेल्या कामगाराच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका कौशल्य कमी पडल्याने होत नाहीत, कामाचा क्रम उलटा झाल्याने होतात. शेजारचे यंत्र चालू झालेले दिसते म्हणून तो आल्याबरोबर आपलेही चालू करतो. पाळी संपताना आधी संख्याच विचारली जाते म्हणून पहिल्या मिनिटापासून नग मोजू लागतो. ड्रॉइंग, मागच्या पाळीची नोंद आणि मापनसाधनाचे शून्य यांकडे त्याचे लक्ष जाते ते तपासनीसाने एखादा नग परत आणून दिल्यावर, आणि तोपर्यंत तसाच बिघडलेला माल बिन (नग ठेवण्याचे डबे) भरभरून पुढच्या विभागात गेलेला असतो. पुढे दिलेला क्रम लेथ, प्रेस, मोल्डिंग, जुळणी किंवा पॅकिंग यांपैकी कोणत्याही कामाला लागू आहे. तपशील यंत्रागणिक बदलतील, पण टप्प्यांची अदलाबदल करू नये.

टप्पा १ : अंगावरची तयारी

ही तयारी लाइनवर उभे राहून नव्हे, लाइनवर जाण्याआधी पूर्ण करावी. अंगठी, कडे, गळ्यातली साखळी आणि मनगटी घड्याळ काढून ठेवावे, लांब केस बांधून टोपीच्या आत घ्यावेत, बाह्यांची बटणे लावावीत आणि ओळखपत्राची दोरी गळ्यात लोंबकळत ठेवू नये. बुटांचे बंद सुटे नसावेत आणि तळवे तेलाने माखलेले नसावेत.

हातमोज्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त गोंधळ होतो. हातमोजे नेहमीच सुरक्षित असतात असे नव्याने आलेला माणूस धरून चालतो, आणि ते खरे नाही. धारदार कडांचा पत्रा, बर (कापल्यावर कडेला उरलेला धातूचा खरखरीत भाग) असलेले नग किंवा गरम माल हाताळताना त्या कामासाठी ठरवून दिलेले मोजे घातलेच पाहिजेत. पण फिरते ड्रिल, लेथचा चक (नग पकडून फिरवणारा भाग) किंवा उघडे रोलर यांच्याजवळ काम करताना ते काढले पाहिजेत, कारण मोज्याचा एक धागा जरी फिरत्या भागात गुंतला तरी हात मागे घेण्याचे सुचण्याआधीच तो आत ओढला जातो. आपल्या यंत्रावरील कोणत्या कामाला मोजे घालायचे आणि कोणत्या कामाला काढायचे, हे पहिल्याच दिवशी सुपरवायझरला स्पष्ट विचारून घ्यावे.

कानाच्या फोमच्या बोळ्यांचेही तसेच आहे. ते नुसते कानाच्या तोंडाशी दाबून बसवले तर आवाज फारसा अडत नाही. बोळा बोटांत फिरवून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढावी, बोळा आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत, म्हणजे साधारण ३० सेकंद, बोटाने धरून ठेवावा. आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबलच्या वरचा आवाज घातक मानला जातो. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी आवाज चढवून बोलावे लागत असेल तर आपण त्या मर्यादेच्या आसपास आहोत असे समजावे. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, आणि ती जाताना दुखतही नाही. म्हणून “सवय होते” या सल्ल्यावर विसंबू नये.

तपासा: चष्मा, बूट, कानाचे बोळे आणि कामाप्रमाणे मोजे, खिशात लोंबणारे किंवा बाहेर डोकावणारे काही नाही.

टप्पा २ : मागच्या पाळीकडून चार्ज घेणे

चार्ज यंत्रासमोर उभे राहून घ्यावा. फाटकापाशी किंवा हात धुताना घेतलेला चार्ज उपयोगाचा नसतो. “सगळे ठीक आहे” हे उत्तर ऐकून परत फिरू नये. सध्या कोणता नग चालू आहे, शेवटचा नग कधी मोजला आणि त्याचे माप काय आले, टूल (कापणारे हत्यार) किंवा डाय (साचा) कधी बदलली, पाळीत यंत्र कशामुळे थांबले होते, आणि बाजूला काढून ठेवलेला माल कुठे आहे व तो का काढला आहे, एवढे तरी विचारावे. जुना कामगार घाईत असतो आणि नव्याला प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो. तरीही हे दोन मिनिटांचे संभाषण टाळू नये, कारण मागच्या पाळीत माप हळूहळू वरच्या मर्यादेकडे सरकत होते ही गोष्ट नोंदवहीत लिहिलेली नसण्याची शक्यता असते, पण त्या माणसाला ती ठाऊक असते.

तो आधीच निघून गेलेला असेल तर नोंदवहीतील शेवटचे पान वाचावे आणि चार्ज मिळाला नाही हे सुपरवायझरला यंत्र चालू करण्यापूर्वी सांगावे. तक्रार म्हणून नव्हे, तर पहिल्या तासातील मालावर जास्त लक्ष ठेवले जावे म्हणून.

टप्पा ३ : यंत्राची तपासणी, आधी बंद स्थितीत आणि मग चालू स्थितीत

यंत्र बंद असताना सभोवार एक फेरी मारावी. गार्ड जागेवर व घट्ट आहेत का, जमिनीवर तेल किंवा कूलंट सांडले आहे का, तेलाची पातळी काचेवरील दोन खुणांच्या मध्ये आहे का, हवेच्या दाबाचा काटा ठरलेल्या पट्ट्यात आहे का, वायर सोललेली आहे का, आणि टेबलावर पाना, ॲलन की किंवा फडके विसरले गेले आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. चकमध्ये विसरलेली चावी चक फिरताच सुटून कोणालाही लागू शकते.

त्यानंतर यंत्र चालू करून, माल न लावता, सुरक्षा साधने कारखान्याच्या चेकशीटमध्ये दिलेल्या पद्धतीने तपासावीत. इमर्जन्सी बटन दाबल्यावर हालचाल थांबली पाहिजे, आणि बटन सोडवल्यावर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. त्यासाठी वेगळे स्टार्ट बटन दाबावे लागले पाहिजे. दार उघडल्यावर यंत्र थांबले पाहिजे. दोन हातांनी चालणाऱ्या प्रेसवर फक्त एक बटन दाबल्यास रॅम (वरून दाब देणारा भाग) खाली येता कामा नये. चेकशीटवर बरोबरच्या खुणा तपासणी झाल्यावर कराव्यात. पाळी संपताना एकत्र बसून साऱ्या रकान्यांत खुणा करण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती नव्या माणसाने उचलू नये.

सावधान: एखादा सेन्सर वायर जोडून निष्क्रिय केलेला किंवा दाराचा स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवलेला दिसला, तर ते यंत्र चालवू नये. “असेच चालते” असे कोणीही सांगितले तरी आधी सुपरवायझरला बोलवावे. नव्या कामगाराला याच एका बाबतीत ठाम राहावे लागते, आणि तसे राहणे हा त्याचा हक्क आहे.

टप्पा ४ : माल आणि कागद यांची जुळणी

ड्रॉइंग किंवा कामाची सूचनापत्रिका हातात घेऊन नगाचा क्रमांक, त्याची आवृत्ती आणि मालाच्या टॅगवरील बॅच क्रमांक एकेक अक्षर व अंक पाहून जुळवावा. दिसायला सारखे असणारे नग बहुधा शेवटच्या एक-दोन अंकांनीच वेगळे असतात: डावा व उजवा, चार छिद्रांचा व पाच छिद्रांचा. क्रमांक मनात वाचण्यापेक्षा बोट ठेवून मोठ्याने वाचल्यास चूक लवकर सापडते. ट्रॉलीवर आधीच्या कामाचा उरलेला माल असेल तर तो नव्या मालात मिसळण्यापूर्वी हलवावा आणि ज्या टॅगवर जुनी तारीख असेल तो माल आधी वापरावा.

टॅग नसलेला माल कितीही योग्य वाटला तरी वापरू नये.

टप्पा ५ : पहिला नग

साऱ्या पाळीचा दर्जा येथे ठरतो, म्हणून या टप्प्याला लागेल तेवढा वेळ द्यावा. पहिला नग तयार करून थांबावे. त्याची तपासणी होऊन मंजुरी मिळेपर्यंत दुसरा नग लावू नये. तपासनीस येईपर्यंत “तोवर चार नग काढून ठेवू” हा विचार अगदी स्वाभाविक असतो, पण सेटिंग चुकलेले असेल तर ते चारही नग वाया जातात आणि त्यातला एखादा चांगल्या मालात मिसळतोही.

मोजण्यापूर्वी नग पुसावा, बर काढावी आणि मापनसाधन तपासावे. व्हर्नियर (सरकत्या पट्टीचे मापनसाधन) असेल तर त्याचे जबडे पुसून मिटवावेत व प्रकाशासमोर धरून त्यांच्यामधून उजेड दिसत नाही याची खात्री करावी. जबडे मिटलेले असताना शून्याऐवजी ०.०४ मिमी दिसत असेल, तर प्रत्येक मापातून तेवढे वजा करावे लागेल. शक्य असल्यास ते साधन बदलूनच घ्यावे. साधनावरील कॅलिब्रेशनच्या (अचूकतेच्या पडताळणीच्या) स्टिकरवरची मुदत संपलेली असेल तर त्याने घेतलेले माप कितीही चांगले आले तरी ग्राह्य धरू नये.

व्हर्नियर वाचताना दोन चुका वारंवार होतात. पहिली, मुख्य पट्टीवरील आकडा सरकत्या पट्टीच्या शून्यरेषेपाशी न वाचता त्या पट्टीच्या कडेपाशी वाचला जातो. दुसरी, जुळलेल्या रेषेची किंमत चुकते. लीस्ट काउंट (मोजता येणारे लहानात लहान माप) ०.०२ मिमी असलेल्या व्हर्नियरवर शून्यरेषा २४ च्या पुढे, २५ च्या अगदी अलीकडे असेल आणि सरकत्या पट्टीवरची ४९ वी रेषा जुळत असेल, तर माप २४ अधिक ४९ गुणिले ०.०२, म्हणजे २४.९८ मिमी होते. ड्रॉइंगवर २५ अधिक-उणे ०.०५ असे दिले असेल, तर २४.९५ ते २५.०५ ही मर्यादा, नग बसला. वाचताना डोळा रेषेच्या अगदी समोर ठेवावा, तिरका पाहिल्यास शेजारची रेषा जुळल्यासारखी दिसते. मायक्रोमीटर नेहमी रॅचेटने (टोकाच्या, ठरावीक जोरानंतर घसरणाऱ्या मुठीने) बंद करावा, थिंबल (फिरणारी नळी) आवळून नव्हे, कारण हाताच्या जोराप्रमाणे माप बदलते.

गो आणि नो-गो गेज (छिद्र मर्यादेत आहे का हे पाहण्याचे दोन टोकांचे साधन) वापरताना जोर लावण्याचा मोह होतो. समजा २० मिमी छिद्राची मर्यादा २०.००० ते २०.०२१ मिमी आहे. गो बाजू कमीत कमी मापाची असते आणि ती हलक्या हाताने सरळ आत गेली पाहिजे. नो-गो बाजू जास्तीत जास्त मापाची असते आणि ती आत जाताच कामा नये. गो बाजू दाबून किंवा पिळून आत घातली तर छिद्र लहान असल्याचे लपते आणि गेजही झिजते.

गरम नग मोजणे ही आणखी एक चूक, आणि ती पुष्कळ अनुभवी माणसेही करतात. पोलादाची लांबी दर अंश सेल्सिअसला प्रत्येक मीटरमागे साधारण १२ मायक्रॉनने (०.०१२ मिमी) वाढते; म्हणजे १०० मिमी लांबीचा नग २० अंशांनी जास्त गरम असेल, तर तो सुमारे ०.०२४ मिमी मोठा मोजला जातो. मोजताना मर्यादेत बसलेला नग थंड झाल्यावर लहान भरतो. लांबीच्या मापांसाठी संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस धरलेले आहे. प्रत्येक कारखान्यात ते राखता येत नाही, परंतु नग आणि साधन दोन्ही खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबणे सर्वांना शक्य आहे.

तपासा: पहिल्या नगाची सर्व मापे मोजून लिहिली आहेत, फक्त “ठीक” असे लिहिलेले नाही, मंजुरीची सही झाली आहे, मंजूर नग टॅग लावून यंत्रापाशी वेगळा ठेवला आहे.

टप्पा ६ : चालू काम

आता गतीकडे वळता येते, त्याआधी नव्हे. लक्ष्य कसे ठरते ते एकदा स्वतः मोजून पाहावे, म्हणजे अकारण दडपण येत नाही. आठ तासांच्या पाळीतून जेवणाची ३० मिनिटे आणि १० मिनिटांच्या दोन विश्रांती वजा केल्यास ४३० मिनिटे, म्हणजे २५,८०० सेकंद उरतात. एका नगाला ४० सेकंद लागत असतील, तर एकही क्षण न थांबता ६४५ नग होतात. टूल बदलणे, तपासणी आणि साफसफाई यांचा वेळ यातूनच जातो, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून कमी असणे हे स्वाभाविक आहे. नव्या कामगाराला पहिल्या आठवड्यात पूर्ण लक्ष्य देऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. पण दिले गेलेच तर ते गाठण्यासाठी तपासणी गाळण्यापेक्षा आकडा कमी पडल्याचे सांगणे पत्करावे.

गती हात जोरात हलवून वाढत नाही. माल डाव्या हाताशी, तयार नग उजव्या हाताशी, बिन कमरेच्या उंचीवर आणि लागणारे साधन ठरलेल्या जागी ठेवल्याने अनावश्यक वळणे व वाकणे कमी होते, आणि प्रत्येक नगामागे वाचलेले तीन-चार सेकंद थकवा न आणता जमा होतात. वजन उचलताना ते शरीराजवळ धरावे, गुडघ्यांतून वाकावे आणि वजन हातात असताना कंबर न पिळता पाय वळवावेत.

नियमित तपासणीची वेळ ठरलेली असते, समजा दर तासाला. ती वेळ चुकवल्याने काय होते ते लक्षात घ्यावे: ४० सेकंदांच्या कामात तासाला ९० नग होतात, आणि दोषी नग सापडला की मागच्या ठीक तपासणीपासूनचे सगळे नग संशयित ठरतात. एक तपासणी चुकली तर ९० ऐवजी १८० नग निवडत बसावे लागते.

सावधान: कपड्यांवरची किंवा अंगावरची धूळ दाबाच्या हवेने उडवू नये. त्या हवेने कण डोळ्यांत घुसतात, आणि त्वचेला जखम असेल तर हवा शरीरात शिरू शकते. यंत्रावरचे चिप्स (कापताना निघालेले धातूचे तुकडे) ब्रशने किंवा हुकने काढावेत, हाताने नव्हे.

टप्पा ७ : खराब नग सापडल्यावर

1. यंत्र थांबवावे.
2. तोच नग पुन्हा मोजावा, साधनाचे शून्य पाहावे आणि आधीचा एक नग मोजावा.
3. दोष खरा असल्यास सेटर (यंत्राचे सेटिंग करणारा) किंवा सुपरवायझरला बोलवावे.
4. मागच्या ठीक तपासणीपासूनचा सारा माल टॅग लावून वेगळा करावा.
5. दुरुस्तीनंतर पुन्हा पहिल्या नगाप्रमाणे तपासणी करावी.

दुसरी पायरी गाळून थेट ऑफसेट (यंत्राला दिलेली मापदुरुस्ती) बदलण्याची सवय फार महाग पडते. प्रत्येक यंत्राच्या मापांत थोडा नैसर्गिक चढउतार असतोच. एकाच नगाच्या मापावरून यंत्र खाली-वर करत राहिल्यास तो चढउतार कमी होण्याऐवजी वाढतो. शिवाय ऑफसेट बदलण्याचा अधिकार नव्या कामगाराला दिलेला आहे का, हे आधीच ठाऊक असले पाहिजे.

खराब नग लाल बिनमध्ये जातो, दुरुस्त होऊ शकणारा नग वेगळ्या खुणेच्या बिनमध्ये. शंका असलेला नग चांगल्या मालात ठेवू नये आणि स्वतःच्या मनाने फेकूनही देऊ नये. नग लपवण्याचा विचार भीतीतून येतो हे समजण्यासारखे आहे, परंतु लपवलेला नग पुढच्या जुळणीत सापडतो तेव्हा शोध बॅच क्रमांकावरून त्याच पाळीपर्यंत येऊन पोहोचतो. सुपरवायझरांनीही येथे एक काळजी घ्यावी: नग स्वतःहून दाखवणाऱ्यावर ओरडल्यास पुढचा नग कोणीही दाखवणार नाही.

टप्पा ८ : यंत्र अडकल्यास

गंभीर अपघात अनेकदा उत्पादन चालू असताना नव्हे, तर अडकलेला माल काढताना होतात. इमर्जन्सी बटन दाबले म्हणजे यंत्र सुरक्षित झाले, ही समजूत चुकीची आहे. ते बटन हालचाल थांबवते. वीज तोडतेच असे नाही, आणि साठलेली शक्ती तर मुळीच काढत नाही. सिलिंडरमधली दाबाची हवा, हायड्रॉलिकमधले तेल, ताणलेली स्प्रिंग, वर अडकलेला जड भाग आणि कपॅसिटरमधला विद्युतभार यांपैकी काहीही वीज गेल्यावरही काम करू शकते. अडकलेला नग बाहेर येताच रोखलेला सिलिंडर झटक्यात पुढे येतो, आणि त्या क्षणी हात तिथेच असतो.

म्हणून क्रम असा ठेवावा: यंत्र नेहमीच्या बटनाने थांबवणे, संबंधितांना कळवणे, मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप व नावाचा टॅग लावणे, हवा व तेलाचा दाब सोडणे, वर असलेल्या भागाला आधार देणे, आणि शेवटी स्टार्ट बटन दाबून यंत्र खरोखर सुरू होत नाही याची खात्री करणे. त्यानंतरच हात आत घालावा. आत काम करणाऱ्या प्रत्येकाचे कुलूप वेगळे असते आणि चावी त्याच्याच खिशात असते. दुसऱ्याचे कुलूप कोणीही काढायचे नसते. या कामाचे प्रशिक्षण मिळालेले नसेल, तर नव्या कामगाराने यंत्र थांबवून मेंटेनन्सची वाट पाहावी. लाइन थांबल्याचा दबाव कितीही असला तरी यात सूट नाही.

टप्पा ९ : नोंदी

नोंद त्या त्या वेळी करावी, आठवून नंतर नव्हे. चूक झाली तर आकड्यावर एकच आडवी रेघ मारावी, शेजारी बरोबर आकडा लिहून सही करावी. खाडाखोड किंवा पांढरी शाई वापरू नये, कारण जुना आकडा वाचता येणे हाच नोंदीचा उपयोग असतो. यंत्र थांबल्याचे कारण “बिघाड” असे न लिहिता “क्लॅम्प सैल, १०.२० ते १०.४५” असे लिहावे.

तपासा: चांगले, दुरुस्तीचे व खराब नग यांची बेरीज यंत्राच्या काउंटरशी जुळते. जुळत नसेल तर आकडा ओढूनताणून जुळवू नये, फरक कुठे आहे तो शोधावा. पुष्कळदा सेटिंगचे नग लिहायचे राहिलेले असतात.

टप्पा १० : चार्ज देणे

शेवटची १० मिनिटे साफसफाई आणि चार्ज यांसाठी राखून ठेवावीत. चिप्स काढणे, सांडलेले तेल पुसणे, मापनसाधने पुसून त्यांच्या पेटीत ठेवणे, अर्धवट भरलेल्या बिनवर नेमकी संख्या लिहिणे ही कामे झाल्यावर शेवटचा नग मोजावा आणि त्याचे माप नोंदवावे. पुढच्या पाळीला तुलना करायला हेच माप लागते. दुसऱ्या टप्प्यात जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे आता न विचारता द्यावीत, विशेषतः माप कोणत्या बाजूला सरकते आहे आणि कोणता माल निर्णयाविना बाजूला पडून आहे ते.

फिक्श्चरमध्ये (नग धरून ठेवणाऱ्या साधनात) अर्धवट झालेला नग ठेवून जाऊ नये. तो पूर्ण करावा, किंवा बाहेर काढून कोणते काम बाकी आहे ते टॅगवर लिहावे, कारण नवा माणूस तो पूर्ण झालेला समजून सरळ चांगल्या बिनमध्ये टाकू शकतो. पुढचा कामगार आलाच नाही, तर यंत्र चालू ठेवून निघू नये. सुपरवायझरला सांगून, यंत्र थांबवून आणि नोंदवहीत वेळ लिहूनच जागा सोडावी.